तांबडीनं लेक ओळखली!

सध्या घरातली माणसं मला चुकवतात. चहाला बसलं की मी घोड्यांवर येते, भाजी निवडताना घोड्यांवर येते, शेजारच्या काकूंनी गुडघेदुखी काढली तरी गुडघ्यावरून घोड्याच्या गुडघ्यावर जाते. काय करू? मला एक गोष्ट कळली आहे आणि ती पोटात राहत नाही. घोडीचं शिंगरू वाढलं, थोराड झालं, वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या दावणीला राहिलं, तरी समोर आलं की घोडी त्याला ओळखू शकते! नुसती ओळखत नाही, ती ओळख पटवून घेण्याची तिची एक ठरलेली रीत असते. आधी हे, मग ते, मग ते. आणि ही रीत माहीत नसेल तर माणूस दोन हातांच्या अंतरावर उभा राहूनही काही पाहत नाही.

माझी आणि घोड्याची ओळख म्हणजे वरातीतला झूल पांघरलेला घोडा आणि माथेरानचा घोडा, एवढीच. त्यातही माथेरानला मी डोळे मिटूनच बसले होते. त्यामुळे घोड्यांना आई-लेक असं काही असतं, हे मनातही आलं नव्हतं. मग भोरला गेले.

भोरच्या पुढे वरंधा घाटाच्या वाटेवर माझ्या मावसभावाचं भातखाचर आहे. दिवाळीनंतर भात निघालं की फलटण-बारामतीकडचे धनगर मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागतात. वाटेतले शेतकरी त्यांना आपल्या रानात बसवून घेतात. रानाला लेंडीखत मिळतं, वाड्याला धान्य मिळतं. वाडा म्हणजे दगडविटांचा नव्हे. एकत्र चालणाऱ्या धनगर कुटुंबांचा सगळा काफिला म्हणजे वाडा. पुरुष मेंढरांमागे असतात आणि बाया घोड्यांवर संसार लादून पुढे निघतात. अंथरुणं, भांडी, पिठाची पोती, खुराड्यातल्या कोंबड्या, कधी नुकतं जन्मलेलं कोकरू आणि या सगळ्यावर एखादं झोपाळलेलं पोर, असं सगळं एका घोडीच्या पाठीवर! आणि घोडी तरी केवढी? बुटकी, काटक, भीमथडी. भीमा-नीरेच्या खोऱ्यातली ही जात. मराठ्यांच्या फौजांनी हीच तट्टं दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत दौडवली. फौजा गेल्या, पण धनगरांच्या वाड्यांनी ही घोडी सांभाळली, म्हणून ती आज आपल्याला दिसते तरी.

तर मावसभावाच्या रानात वाडा उतरलेला होता. एक तांबडी घोडी पुढच्या पायांत पायबंद घालून भाताच्या धसकटांतलं गवत खुडत होती. तिचं या वर्षीचं शिंगरू तिच्याभोवती बागडत होतं. मी वाड्यातल्या आजींशी बोलत बसले होते. आणि वळणापलीकडून, अजून काही दिसतही नव्हतं तेव्हा, एक खिंकाळी आली.

तांबडीनं मान वर केली. तोंडातलं गवत तसंच अर्धं बाहेर. दोन्ही कान टोकदार, पुढे, त्या वळणाकडे. आणि मग तिनं उत्तर दिलं! घोडा खिंकाळतो तेव्हा तो फक्त गळ्यानं ओरडत नाही. तिच्या बरगड्या थरथरताना मला दिसत होत्या. पुन्हा पलीकडून हाक, पुन्हा इकडून उत्तर. वळणावर दुसरा वाडा दिसला, पुढे तीन-चार लादलेली घोडी. आणि आमची तांबडी, पायबंद असलेली, दोन्ही पुढचे पाय एकदम उचलून उड्या मारत तिकडे निघाली!

"बघ पोरी," आजी म्हणाल्या, "त्यो माझ्या दिराचा वाडा. त्यातली ती फुडची म्होरकी हाय ना, ती हिचीच. थोराड झाली तवा दिली."

"मग हिला कसं कळलं?"

आजींनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी प्रश्नच मागे घेतला.

आता नीट ऐका, कारण इथून पुढे प्रत्येक हालचाल महत्त्वाची आहे. मला तेव्हा त्यातलं काहीच कळलं नव्हतं. नंतर वाचत गेले, एकेका हालचालीचा अर्थ उलगडत गेला आणि मी रात्री उठून बसले!

पहिली गोष्ट, ती हाक. घोड्याच्या खिंकाळीत एकाच वेळी दोन वेगवेगळे मूळ स्वर असतात. झुरिकच्या संशोधकांनी 2015 मध्ये हे प्रसिद्ध केलं. त्यांनी काय केलं, तर घोड्यांना त्यांच्या सोबत्यांपासून थोडा वेळ वेगळं केलं, मग पुन्हा एकत्र आणलं आणि दोन्ही वेळच्या खिंकाळ्या ध्वनिमुद्रित करून तपासल्या. तर एका स्वरातून घोडा किती खळबळला आहे ते कळतं आणि दुसऱ्यातून ती खळबळ सुखाची की दुःखाची ते कळतं! ताटातुटीची खिंकाळी लांब असते. भेटीची आखूड असते आणि ती देताना घोडा डोकं खाली घेतो. म्हणजे वळणापलीकडून आलेल्या हाकेत तांबडीला किती काय ऐकू आलं असेल!

पण हाक कुणाची, हे कळतं का? कळतं. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात 2009 मध्ये एक अफलातून प्रयोग झाला. एका घोड्यासमोरून त्याच्या कळपातला ओळखीचा घोडा नेला आणि आडोशामागे दडवला. मग ध्वनिक्षेपकातून खिंकाळी ऐकवली. कधी त्याच घोड्याची, कधी कळपातल्या दुसऱ्याच कुणाची. खिंकाळी दुसऱ्याची असली की पाहणारा घोडा लगेच मान वळवायचा आणि बराच वेळ तिकडे बघत राहायचा. गेला एक आणि आवाज भलत्याचाच! म्हणजे प्रत्येक सोबत्याचं रूप आणि आवाज घोड्याच्या डोक्यात एकत्र बांधलेले असतात. हे वाचलं तेव्हा मला आजींची ती नजर आठवली. त्यांना हे सांगायला विद्यापीठ लागलं नव्हतं.

दुसऱ्या वाड्याची घोडी रानात आली. ओझं उतरवलं. म्होरकीच्या पाठीवर घामाचे पट्टे उमटलेले. कुणी तिला धरलं नाही, सोडली तशीच. आणि माय-लेकी समोरासमोर आल्या. मला वाटलं, आता गळाभेट! माहेरवाशीण लेकीला आई कशी कवटाळते, तसलं काहीतरी मी मनात रचून ठेवलं होतं. कसलं काय. दोघींनी माना लांब केल्या, नाकाला नाक लावलं आणि उभ्या राहिल्या. हलल्या नाहीत. नाकपुड्या तेवढ्या उघडत होत्या, मिटत होत्या. एकीचा श्वास दुसरी आत घेत होती.

घोड्याला तोंडानं श्वास घेता येत नाही, हे तुम्हाला माहीत होतं? मला नव्हतं! जो काही श्वास घ्यायचा तो नाकानंच. त्यामुळे ते नाक म्हणजे त्याचं सगळं विश्व. आणि आई-पोराची ओळख तर नाकातूनच सुरू होते. घोडी सुमारे अकरा महिने गाभण असते आणि बहुतेक वेळा रात्री विते. शिंगरू तासाभरात उभं राहायला धडपडतं. त्या पहिल्या काही तासांत घोडी त्याला चाटते, हुंगते आणि घशातल्या घशात, तोंड मिटून, एक खोल आवाज काढत राहते. त्या वेळी शिंगराचा वास तिच्यात मुरतो. दुसऱ्या कुणाचं पोर कासेशी आलं तर ती त्याला हाकलते. शिंगराला मात्र आईची पक्की ओळख पटायला काही दिवस लागतात. तोवर ते कुठल्याही मोठ्या हलत्या आकाराच्या मागे जाऊ शकतं. म्हणूनच घोडी सुरुवातीला इतर घोड्यांना जवळ येऊ देत नाही. आणि गाईचं वासरू जसं आडोशाला पडून राहतं तसं शिंगराचं नसतं. ते जन्मल्यापासून आईच्या कुशीला चिकटून चालतं. आई जिथं, पोर तिथं.

तर नाकाला नाक, श्वासात श्वास. आणि एकदम तांबडी किंचाळली!

मी दचकून दोन पावलं मागे. कर्कश, आखूड किंचाळी आणि पुढचे पाय जमिनीवर आपटले. झालं, आता लाथाळी होणार. पण आजी चूल मांडण्यासाठी तीन दगड जुळवत होत्या, त्यांनी मानही वळवली नाही. "व्हतंय तसं," एवढंच म्हणाल्या. ही किंचाळी म्हणजे भांडण नसतं. दोन घोडे भेटले, मग ओळखीचे असोत की अनोळखी, नाकाला नाक लावल्यावर किंचाळी आणि पाय आपटणं बऱ्याचदा होतं. पण फरक त्यानंतर पडतो. अनोळखी घोडे हेच पुन:पुन्हा करत राहतात. कान मागे, लाथा, पाठलाग. एकमेकांना जवळ येऊ देण्यात दिवसच्या दिवस जातात. या दोघींचं एका किंचाळीत भागलं. पुन्हा नाकं जुळली आणि मग लेकीनं जे केलं त्यावर माझा विश्वास बसेना.

चांगली थोराड, ओझं वाहणारी, वाड्याची म्होरकी असलेली ती घोडी. तिनं मान खाली लांब केली, ओठ मागे ओढले आणि तोंड उघड-मीट, उघड-मीट करायला लागली. दात एकमेकांवर हलके आपटतायत, आवाज जवळजवळ नाही. आईच्या तोंडासमोर!

"आता गं बया," आजी हसल्या, "दूध आठवलं तिला."

हे तोंड हलवणं शिंगरांचं असतं! लहान शिंगरं मोठ्या घोड्यांसमोर गेली की असं करतात, जणू सांगतात की मी लहान आहे, मला मारू नका. घोडं वयात आलं की हे आपोआप कमी होत जातं आणि मोठेपणी सहसा दिसतही नाही. आणि ही बया पाठीवर अर्ध्या वाड्याचा संसार घेऊन घाट चढून आलेली! त्या रानात उभं राहून एका थोराड घोडीला क्षणभर शिंगरू होताना मी पाहिलं, आणि पाहताना मला त्याचा पत्ताही नव्हता.

बरं, तिनं तेवढ्यावर थांबावं ना! ती सरळ तांबडीच्या कुशीकडे सरकली आणि कासेला नाक लावलं. तांबडीचे कान फटकन मागे गेले, मागचा पाय उचलला. धाकटं शिंगरू धावत येऊन मध्ये उभं. लेक मुकाट्यानं बाजूला झाली. ओळख आहे म्हणून लाड नाहीत! कास आता धाकट्याची.

आणि मग आला तो भाग, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे. दोघी एकमेकींच्या उलट दिशेला तोंड करून, अंगाला अंग लावून उभ्या राहिल्या आणि एकमेकींची मान, आयाळ जिथं संपते आणि पाठ जिथं सुरू होते तो उंचवटा, दातांनी खाजवायला लागल्या. कराकरा, जोर लावून. वरचा ओठ लांब झालेला, डोळे अर्धे मिटलेले. एक खालच्या बाजूला सरकली की दुसरीही तिथंच सरकायची. नेमकी तीच जागा का? फ्रान्सच्या दक्षिणेला ऱ्होन नदीच्या मुखाशी कामार्ग नावाचा दलदलीचा मुलूख आहे, तिथं पांढऱ्या घोड्यांचे कळप मोकळे राहतात. तिथल्या घोड्यांवर 1993 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी घोड्यांना हातानं खाजवलं, कधी या उंचवट्यापाशी, कधी दुसरीकडे, आणि हृदयाचे ठोके मोजले. उंचवट्यापाशी खाजवलं की ठोके मंदावायचे, दहा टक्क्यांहून थोडे जास्तच. दुसरीकडे खाजवून काही उपयोग नाही! म्हणजे ज्या जागेनं काळीज शांत होतं, ती जागा त्या दोघींना बरोबर ठाऊक होती. खरारा करणाऱ्या माणसालाही ती ठाऊक असते, फक्त तो ठोके मोजत बसत नाही.

आणि हा मान वाट्टेल त्याला मिळत नाही. घोडा कळपातल्या कुणाबरोबरही असा खाजवत बसत नाही. त्याचे एक-दोन ठरलेले सोबती असतात. मोकळ्या कळपात आई आणि तिचं पोर ही त्यातलीच एक जोडी असते. लेकीला नवं भावंड झालं तरी ती आईच्या आसपास राहते. मोठी झाली, साधारण दोन-तीन वर्षांची, की बहुतेक माद्या आपणहून दुसऱ्या कळपात जातात. कामार्गच्याच अभ्यासात दिसलं की ज्या नरांच्या सहवासात त्या वाढल्या त्यांना त्या टाळतात; बापही त्यातच आला. सगळ्या घोड्यांना कुणाशी नातं आहे हे कळतं की नाही, यावर वाद घालत बसा. पण 'हा माझ्या लहानपणाचा आहे' हे मात्र त्यांना पक्कं कळतं आणि त्यांचं आयुष्य त्यानुसार वळण घेतं.

"पण एवढी वर्षं लक्षात राहील?" माझ्या नवऱ्यानं विचारलं. राहतं! अमेरिकेतल्या संशोधकांनी काही घोड्यांना चित्रांमधला फरक ओळखायला शिकवलं होतं. सहा वर्षांनंतर, मधल्या काळात सराव नसताना, त्यांनी तेच कोडं पुन्हा समोर ठेवलं आणि घोड्यांनी ते सोडवलं. काही गोष्टी तर दहा वर्षांनंतरही लक्षात होत्या. 2009 मध्ये हे प्रसिद्ध झालं. नुसती चित्रं घोडा सहा वर्षं विसरत नाही. मग जिच्या कुशीला चिकटून जन्माचे पहिले महिने काढले, तिचा वास विसरेल?

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही घोड्यांच्या भेटी बघायला जाल आणि निराश व्हाल. प्रत्येक भेट अशी रंगत नाही. लेक परतली तर आई खाजवत बसेल, पण वयात आलेला, खच्ची न केलेला मुलगा परतला तर ती लाथही घालते, कारण तो आता घोडा म्हणून आलेला असतो. कधी दोघांची नवी सोबत जमलेली असते, तर नुसतं नाकाला नाक लावून दोघे चरायला लागतात. तेही भेटणंच आहे. एकमेकांकडे पाठ करून निवांत चरणं ही घोड्याच्या जगात मोठी विश्वासाची गोष्ट आहे. परक्याच्या शेजारी तो एक कान सतत तिकडे लावून ठेवतो.

एक गोष्ट मात्र वाचल्यावर माझा उत्साह जरा वेळ थंड पडला. आपण शिंगरू आईपासून तोडतो ते साधारण चार-सहा महिन्यांचं असताना, आणि बहुतेक ठिकाणी एका दिवसात, दोघांना एकमेकांचा आवाजही ऐकू येणार नाही अशा जागी नेऊन. फ्रान्सच्या संशोधकांनी घोड्यांना आपल्या मर्जीवर सोडून पाहिलं, तर घोडीनं आपणहून पोराचं दूध तोडलं ते नऊ-दहा महिन्यांचं झाल्यावर. ना आरडाओरडा, ना खाणंपिणं सोडणं. आणि दूध तुटल्यावरही त्यांची जवळीक तशीच राहिली. दूध तुटणं आणि आई तुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकाच दिवशी उरकायची घाई माणसाची. धनगरांच्या वाड्यात शिंगरू आईबरोबर मोकळं चालतं, थोराड होतं, मग कुणाला द्यायचं ते ठरतं आणि बहुतेक वेळा ते नात्यागोत्यातच जातं. वाटेत पुन्हा गाठ पडते. तांबडीच्या लेकीला तोंड उघड-मीट करायचं आठवलं, ते यामुळेही असेल.

म्हणून घोडी बाळगणाऱ्यांना माझं सांगणं आहे. शिंगरू विकायचं असेल तर विका, पण जमेल तितके महिने आईपाशी ठेवा. तोडल्यावर एकट्याला कोंडू नका. ओळखीची एखादी मोठी घोडी सोबत ठेवली तर शिंगराची तडफड कमी होते, हेही अभ्यासातून दिसलं आहे. आणि कधी माय-लेकरं पुन्हा एका गोठ्यात आली, तर दोर ताणून मागे ओढू नका. मध्ये एक आडवं लाकूड राहू द्या आणि त्या किंचाळीला घाबरू नका.

बाकीच्यांनी फक्त बघावं. सारंगखेड्याला दत्तजयंतीला, तापीकाठी, केवढा घोडेबाजार भरतो! मारवाडी, काठेवाडी, नुकरे. सगळे जण रेवाल चाल आणि किमती बघतात. तुम्ही जाल तेव्हा थोडा वेळ दावणीपाशी थांबा, आणि नाकाला नाक लावून उभे असलेले दोन घोडे दिसले तर तिथून हलू नका. किंचाळीनंतर ते काय करतात, ते बघा. आणि बघितलंत तर मला नक्की कळवा, कारण घरात आता माझं कुणी ऐकत नाही.